मुलाम्याची नीती

मराठीत 'मुलामा' हा शब्द कुणी कौतुकानं वापरल्याचं मला आठवत नाही. सभ्यतेचा मुलामा, देशभक्तीचा मुलामा, खोट्या पाटल्यांवर सोन्याचा मुलामा. वरवरचा, दिखाऊ, पोकळ हे त्याचे कायमचे सोबती. आता 'कल्हई' हा शब्द घ्या. तोही मुलामाच आहे, पितळेच्या भांड्यावर कथलाचा पातळ थर. पण कल्हई केलेल्या पातेल्याला कुणी ढोंगी म्हटलं नाही. कल्हई उडाली की ताक, आमटी कळकायची, म्हणून कल्हईवाला दारात यायचा, भाता पेटवायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर आणि कथील फिरवायचा आणि आतून चांदीसारखं लखलखीत पातेलं परत द्यायचा. आमच्या पिढीनं हे बहुतेक व्हिडिओतच पाहिलंय. मुद्दा असा की क्रिया एकच आहे. एकीला आपण फसवणूक म्हणतो, दुसरीला घरकाम.

जुन्या गाडीचं क्रोम यातलं कोण?

पस्तीस-चाळीस वर्षांच्या गाडीचा बंपर विटला, ग्रिलवर तपकिरी ठिपके आले, दिव्यांच्या कड्या पांढुरक्या पडल्या, तर काय करायचं? नव्यानं प्लेटिंग करून घ्यायचं, दुसरा पार्ट शोधून बसवायचा, चंदेरी स्प्रे मारायचा, की आहे तसं राहू द्यायचं? गॅरेजमध्ये हा प्रश्न पैशांचा आणि आवडीचा समजला जातो. मला तो नीतीचाही वाटतो. त्याची दोन कारणं आहेत, आणि दुसरं कारण मला सुरुवातीला दिसलंच नव्हतं, ते दिसायला भोसरीला जावं लागलं.

आधी थोडं रसायनशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. लोखंडी बंपरवर साधारणपणे आधी तांबं चढवतात, त्यावर निकल आणि सगळ्यात वर क्रोमियम. निकलचा थर १० ते ४० मायक्रॉनचा असतो. क्रोमियमचा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ज्याला आपण 'क्रोमचा बंपर' म्हणतो त्यातलं क्रोम केसाच्या शंभराव्या भागाइतकंही नाही. आरशासारखी चमक मुख्यतः खालच्या गुळगुळीत केलेल्या धातूची आणि निकलची असते. क्रोमियम तिला जराशी निळसर झाक देतं आणि निकलला पिवळं पडू देत नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गाड्यांवर क्रोम येण्याआधी नुसतं निकल असायचं आणि ते सतत घासत बसावं लागायचं.

यातून एक गंमत निघते. क्रोम सहसा विटत नाही. त्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. पाणी आणि खारी हवा तिथून आत शिरते, निकलमधून वाट काढत लोखंडापर्यंत पोचते, आणि गंज खालून वर येतो. मुंबईच्या गाडीवर पुण्याच्या गाडीपेक्षा ठिपके लवकर का येतात याचं उत्तर समुद्रात आहे. बंपरवरचा तपकिरी ठिपका पाहून आपण म्हणतो, 'क्रोम गेलं.' खरं तर क्रोम तिथल्या तिथे असतं, त्याच्याखालचं लोखंड बाहेर आलेलं असतं. (ठिपके ताजे असतील तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून हलकेच घासा, बरेचसे जातात. पॉलिश पेपर लावू नका.)

'दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं' ही म्हण मुलाम्याच्या विरोधात वापरायला सोपी आहे. पण जॉन रस्किननं याबाबत एक बारीक भेद करून ठेवलाय. हा तोच रस्किन, ज्याचं 'अन टू धिस लास्ट' १९०४ साली जोहान्सबर्ग ते डरबन प्रवासात वाचून गांधीजी झपाटले आणि पुढे त्याचा सारांश त्यांनी 'सर्वोदय' या नावानं गुजरातीत केला. रस्किननं १८४९ मध्ये 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' लिहिलं, आणि त्यात लाकडाला संगमरवरासारखा रंग देणाऱ्यांना चांगलंच झोडपलं. मात्र इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला त्यानं सूट दिली. कारण घुमट आतून-बाहेरून भरीव सोन्याचा आहे असं कुणीच समजत नाही. तोच मुलामा दागिन्यावर दिला की ती लबाडी होते, कारण दागिना लोक सोन्याचा समजून घेतात. म्हणजे खोटेपणा थरात नसतो. पाहणारा त्या थरावरून काय समजून चालतो, त्यात असतो.

या कसोटीवर बंपरचं क्रोम निर्दोष सुटतं. अख्खा बंपर क्रोमियमचा आहे असं कुणालाच वाटत नाही. चंदेरी स्प्रेही सुटतो, कारण दोन हातांवरून तो कुणाला फसवू शकत नाही, फक्त केविलवाणा दिसतो. अडचण येते ती प्लास्टिकच्या क्रोमची. आजच्या गाड्यांच्या ग्रिलवर, दरवाज्यांच्या हँडलवर जे चमकतं ते बहुतेक एबीएस प्लास्टिकवर चढवलेलं असतं. ते धातूचं सोंग घेतं. नखानं वाजवलं की सोंग उघडं पडतं. पहिल्यांदा ज्यानं अशी गाडी घेतली तो कदाचित फसला असेल. आज कुणीच फसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मग रस्किनच्या हिशेबानं हे सोंग नुसत्या सवयीनं प्रामाणिक झालं की काय? मला हे पटत नाही, पण त्याचं तर्कशुद्ध खंडनही मला जमलेलं नाही. आणि नव्या गाडीला शोरूमच्या दारातच क्रोम गार्निशची किट चिकटवून घेणाऱ्या आपल्या लोकांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही, ते एका अर्थी माझ्यापेक्षा सुखी आहेत.

रस्किनच्या कसोटीत एक भोक मात्र नक्की आहे. पाहणाऱ्याला किती माहिती आहे यावर ती उभी आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला सहसा कमीच माहिती असते. बंपर नव्यानं प्लेट केला आणि विकताना 'ओरिजिनल आहे' म्हटलं, तर ते सरळ खोटं. पण काहीच बोललं नाही तर? लखलखीत बंपर तोंड न उघडता सांगत असतो की गाडी जपलेली आहे. खाली चॅसिस सडलेली असली तरी तो तेच सांगतो. मीटर मागे फिरवणाऱ्याला आपण बिनदिक्कत चोर म्हणतो. बंपर चमकवून चॅसिस झाकणाऱ्याला 'गाडी टकाटक करून विकली' म्हणतो. दोघांत फरक आहे, पण आपण मानतो तेवढा नाही.

आता पहिलं कारण. आमच्याकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, आजोबांची. फियाटचं डिझाइन, १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्या आठवड्यात सगळ्यांच्याच फोनवर पद्मिनीचे फोटो फिरत होते, आणि आमच्या घरात शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीवर अचानक सगळ्यांचं प्रेम उतू गेलं. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांवर एका बैठकीत एकमत झालं. घोडं अडलं बंपरपाशी.

पुढच्या बंपरच्या उजव्या बाजूला हातभर लांबीचा एक पट्टा पिवळसर दिसतो. तिथलं क्रोम झिजून निकल उघडं पडलंय. आजोबांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा दर रविवारी ब्रासो घेऊन बंपर घासायचे. उकिडवं बसलं की त्यांचा हात जितका सहज पोचायचा तितकाच भाग सगळ्यात जास्त घासला गेला. बाबांचं म्हणणं, हा पट्टा म्हणजे अण्णांचा हात आहे, प्लेटिंग करून तो पुसायचा नाही. काकांचं म्हणणं याच्या बरोबर उलट. 'अण्णा असते तर त्यांनीच पहिल्यांदा प्लेटिंगला टाकला असता. ते पट्टा पाडायला घासत होते का? चमकायला घासत होते.'

मला आधी बाबांची बाजू सुंदर वाटली. फोटो काढून खाली चार ओळी लिहाव्यात अशी. पण जसजसा विचार केला तसतसं वाटत गेलं की तर्क काकांचा भक्कम आहे. दोघंही अण्णांशी इमान राखत होते. बाबा त्यांच्या खुणेशी, काका त्यांच्या इच्छेशी. खूण ही माणसाला नकळत मागे राहते, तिला जपण्यात आपलीच माया आपण जपत असतो. इच्छा मात्र त्या माणसाची असते. गेलेल्या माणसाचं ऐकायचं असेल तर त्याला काय हवं होतं ते ऐकावं. त्याच्या हातून काय झिजलं ते ऐकण्यात ऐकणारेही आपण आणि बोलणारेही आपणच असतो.

बाबांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे, आणि ती भावनेची नाही, कारागिरीची आहे. प्लेटिंग म्हणजे जुन्यावर नवा हात मारणं नव्हे. आधी जुनं क्रोम आणि निकल उतरवावं लागतं. मग गंजाचे खड्डे घासून काढायचे, चाकावर बफिंग करायचं, आणि या सगळ्यात मूळ लोखंडाचाही थर जातो. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं बोथट होतात. दरवाज्याची हँडलं आणि नावाची अक्षरं अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांना फोड आले तर काम आणखी अवघड, कारण फोड आतून पोखरत गेलेले असतात आणि उतरवणीचं अॅसिड जस्तालाच खातं. 'मूळ रूपात आणणं' या क्रियेत मूळ पृष्ठभाग कायमचा नाहीसा होतो. रस्किनचं याबाबतचं मत टोकाचं होतं. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा सगळ्यात वाईट नाश, असं तो मानायचा. त्याच्याच काळातला फ्रान्सचा व्हिओले-ल-द्यूक म्हणायचा की जीर्णोद्धारात वास्तूला अशा पूर्णत्वाला न्यायचं, जे कदाचित कधी अस्तित्वातही नव्हतं. प्रदर्शनातल्या जुन्या गाड्या पाहिल्या की व्हिओले-ल-द्यूक जिंकला हे कळतं. कारखान्यातून निघताना कुठलीच साधी फॅमिली कार इतकी चमकत नसणार.

आपल्याकडे हा वाद देवळांत रोज जगला जातो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं चढलेले शेंदराचे थर २०२२ मध्ये काढले, तेव्हा आतलं जुनं रूप समोर आलं. आता 'खरी' मूर्ती दिसली म्हणावं, तर आधी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हात जोडले ते कशाला? शेंदूर हीसुद्धा सेवाच होती. थर चढवणारा आणि थर काढणारा, दोघंही भक्त असू शकतात.

सरकारनं या गुंत्यातून आपल्यापुरती वाट काढलीये. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको. आमच्या पद्मिनीला त्यासाठी २०३४ पर्यंत थांबावं लागेल. आरटीओच्या लेखी गाडीची ओळख म्हणजे चॅसिस नंबर. आम्ही डेटाबेसमध्ये प्रायमरी की ठेवतो तसंच. बाकीचे सगळे रकाने बदला, की तीच राहिली म्हणजे नोंद तीच. सोयीचं आहे, पण ज्यानं त्या गाडीचा बंपर घासलाय त्याला या उत्तरानं समाधान होत नाही.

तर काकांचा तर्क मान्य करून मी बंपरची चौकशी करायला भोसरीला गेलो. आणि दुसरं कारण तिथे भेटलं.

छोटी शेड. ओळीनं टाक्या. अॅसिडची, पाण्याची, निकलची हिरवी, पुन्हा पाण्याची आणि शेवटी क्रोमची, गडद तांबूस. त्या टाकीतून सतत बुडबुडे येत होते. बुडबुडे का येतात हे मला डिप्लोमापासून माहीत होतं, पण परीक्षेपुरतं. क्रोमिक अॅसिडच्या बाथमध्ये दिलेल्या विजेपैकी साधारण १० ते २० टक्केच वीज क्रोमियम चढवायला लागते. बाकीची जवळजवळ सगळी पाणी फोडते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वर येतात, आणि बुडबुडा फुटताना हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे बारीक तुषार हवेत सोडतो. हे तुषार वर्षानुवर्षं नाकात गेले तर नाकाच्या मधल्या पडद्याला व्रण होतात, पुढे आरपार भोक पडतं. प्लेटिंग कामगारांत हा आजार डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं हेक्साव्हॅलंट क्रोमियमला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्यांच्या गटात ठेवलंय.

टाकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत गमबूट होते, हातांत रबरी मोजे. तोंडावर काही नव्हतं. धूर ओढणारा पंखा होता, बंद होता. मी म्हटलं, "दादा, मास्क?" तो म्हणाला, "त्यात श्वास घ्यायला होत नाही." वाक्य ऐकून मी गप्प झालो. मग त्यानं विचारलं, "बंपर आणलाय का?"

इथे प्रत्येक जण जो युक्तिवाद करतो तो मीही मनात करून पाहिला. टाकी रोज चालते. माझ्या एका बंपरनं काय फरक पडतो? उलट मी काम दिलं नाही तर त्याचीच मजुरी बुडेल. पण पहिल्या भागाला रसायनशास्त्र साथ देत नाही. बुडबुडे टाकी चालू आहे म्हणून येत नाहीत, वीज वाहते म्हणून येतात, आणि वीज वाहते ती टांगलेल्या वस्तूसाठी. माझा बंपर त्यात दोन-चार मिनिटं बुडणार असेल, तर त्या दोन-चार मिनिटांचे अँपिअर मोजता येतात, त्यातून निघणारा वायूही मोजता येतो. माझ्या बंपरचे बुडबुडे माझेच. 'थेंबानं काय होतंय' म्हणायला इथे जागाच नाही, हिशेब थेंबाथेंबाचाच आहे.

मजुरीचा भाग खरा आहे आणि तो मला अजून टोचतो. बंपर न देऊन मी त्या माणसाला मास्क दिला नाही, पंखा सुरू करून दिला नाही. मी फक्त माझे हात स्वच्छ ठेवले. कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी मालकाची आहे आणि मालकावर नजर ठेवण्याची सरकारची. इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात येतं ते उगीच नाही. ग्राहकाच्या शुचितेनं ती जबाबदारी कुणावरून उतरत नाही. तरीही गिऱ्हाईक म्हणून मला एवढं विचारता येतं, की ही वस्तू मला कशासाठी हवी आहे. जेसीबीच्या हायड्रॉलिक दांड्यावर जाड क्रोम लागतं, ते नसेल तर दांडा झिजतो, काम थांबतं. माझ्या बंपरवर क्रोम नसेल तर काका नाराज होतात. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये नेमकी हीच रेघ ओढली. शोभेचं हेक्साव्हॅलंट क्रोम २०२७ पासून बंद, कामाच्या क्रोमला २०३९ पर्यंत मुदत.

शोभा म्हणजे गुन्हा असं म्हणणारेही होऊन गेले. व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ लोसनं अलंकरण म्हणजे कामगाराच्या श्रमांची आणि आरोग्याची नासाडी, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. मी तेवढा कडक नाही. रविवारी सकाळी उकिडवं बसून बंपरमध्ये स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत घासण्यात अण्णांना जो आनंद होता तो मला फुकाचा वाटत नाही. पण त्यांच्या चमकीसाठी त्यांचेच खांदे दुखायचे. कल्हईचंही तसंच होतं, फक्त तिथे कल्हईवाला आपल्याच अंगणात, आपल्या डोळ्यांदेखत धूर खायचा. प्लेटिंगचा धूर शहराबाहेर एमआयडीसीत असतो. आपल्यापर्यंत येते ती फक्त चमक, ब्राउन पेपरात गुंडाळून.

शेवटी आम्ही केलं ते असं. खिडक्यांच्या कडेचं बीडिंग स्टेनलेस निघालं, त्याला प्लेटिंगची गरजच नव्हती, पॉलिशवर भागलं. जुन्या गाडीवर चमकणारं सगळंच क्रोम नसतं, हे काम द्यायच्या आधी तपासून घ्या. मागचा बंपर कडेला सडला होता. त्याच्या जागी भंगारातून दुसरा जुना आणला. त्याचे बुडबुडे कधीच फुटून गेलेत. त्यावर आधीच्या मालकानं कशासाठी तरी दोन भोकं पाडलेली आहेत. ती का, यावर घरात अजून अंदाज चालू आहेत. हँडलं फोडांसकट तशीच आहेत. पुढच्या बंपरचे ठिपके फॉइलनं घासून काढले, वर मेण लावलं. पिवळसर पट्टा राहिला. बाबांना वाटतं ते जिंकले. मी त्यांना सांगितलंय की कारण वेगळं आहे, पण ते ऐकत नाहीत.

काका अजून म्हणतात, दिवाळीनंतर पुढचा बंपर टाकूच. हेक्साव्हॅलंटच्या जागी ट्रायव्हॅलंट क्रोमचा बाथ असतो, तो बराच कमी घातक आहे. पण मी विचारलं त्या तिन्ही छोट्या दुकानांत तो नव्हता. असा कुणी सापडला तर मी स्वतः बंपर घेऊन जाईन, असं त्यांना कबूल केलंय. त्या क्रोमचा रंग किंचित काळपट येतो. दिव्यांच्या जुन्या कड्यांशी तो जुळणार नाही आणि शेजारी उभं राहून पाहिलं की फरक कळेल, हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.